पुलाचे अदृश्य खांब

पनवेलहून दक्षिणेस कोंकणाकडे किंवा पश्चिमेस उरणच्या बंदराकडे मोटारीनें जाणाऱ्या मनुष्यास एक अनुभव हटकून येतो. रस्ता सरळ असतो, गाडी वेगानें चाललेली असते, आणि एखाद्या खाडीवरील पुलाचें तोंड आलें कीं खालून एक हिसका बसतो. पुलावर चढतांना एक आणि उतरतांना दुसरा. मागच्या बाकावर झोंपीं गेलेलें मूल दचकून जागें होतें, आणि घरांतील वडील मंडळी ठेकेदारास दोन शब्द ऐकवून पुन्हां डोळे मिटतात. हा हिसका कां बसतो याचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. कित्येकदां खरी गोष्ट अशी असते कीं, रस्ता खचलेला असतो आणि पूल खचलेला नसतो. त्या दोहोंच्या उंचींत पडलेला बोटभर फरक गाडीच्या चाकास कळतो. एकाच जमिनीवर शेजारीं शेजारीं असून रस्ता खचावा आणि पूल जागचा हलूं नये, हें कसें घडतें? याचें उत्तर जमिनीच्या पोटांत दडलेलें आहे.

पनवेलच्या परिसराची जमीन दोन स्वभावांची आहे. एका अंगास कर्नाळ्याचा सुळका आणि प्रबळगडाचे कडे उभे आहेत. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून बाहेर पडलेल्या तप्त रसाचा थरावर थर थिजून हा काळा पत्थर तयार झाला. दुसऱ्या अंगास खाडी आहे. माथेरानच्या बाजूच्या डोंगरांतून येणारी गाढी नदी पनवेलजवळ या खाडीस मिळते. नदीनें आणलेली बारीक माती आणि भरतीबरोबर आलेला समुद्राचा गाळ हजारों वर्षें तेथें सांचत आला. खारफुटीचें रान, मिठागरें आणि बांध घालून राखलेलीं भातखाचरें हें या खाजण जमिनीचें जुनें रूप होय. वरून ती वाळलेली व भेगाळलेली दिसते. परंतु हातभर खणलें कीं खालीं लोण्यासारखा मऊ, निळसर काळा चिखल लागतो. त्याची जाडी कोठें चार-पांच मीटर, तर कोठें दहा मीटरांहूनहि अधिक असते. त्याच्या खालीं मुरूम, आणि मुरुमाच्या खालीं पुन्हां तोच सह्याद्रीचा पत्थर.

या चिखलाचा स्वभाव समजण्यास स्वयंपाकघरांत जावें. श्रीखंडासाठीं दहीं फडक्यांत बांधून टांगलें म्हणजे त्यांतील पाणी थेंबाथेंबानें निथळतें आणि उरलेला चक्का आकारानें लहान व अंगानें घट्ट होतो. वर वजन ठेवलें तर हें काम लवकर होतें. खाडीच्या चिखलावर रस्त्याचा भराव घातला कीं नेमकें हेंच घडतें. भरावाच्या भारानें चिखलांतील पाणी निथळूं लागतें, चिखल आकसतो आणि वरचा रस्ता खालीं बसतो. फरक इतकाच कीं दह्यास एक रात्र पुरते, आणि चिखलास वर्षांमागून वर्षें लागतात. कार्ल टेर्झागी या ऑस्ट्रियन स्थापत्यशास्त्रज्ञानें सन १९२५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या क्रियेचें गणित मांडलें. पाण्यास बाहेर पडण्यासाठीं जें अंतर कापावें लागतें तें दुप्पट झालें, तर लागणारा काळ चौपट होतो, असें तें गणित सांगतें. म्हणूनच नव्या मुंबईच्या परिसरांतील कित्येक कामांवर चिखलांत जवळजवळ उभ्या निचरापट्ट्या रोंवून पाण्याची वाट आंखूड करण्यांत आली. तरीहि थोडेंबहुत खचणें शिल्लक राहतेंच.

रस्ता थोडा खचला तर वरून डांबर घालून तो सारखा करतां येतो. पुलास ही सवलत नाहीं. त्याचा एक खांब जागीं राहिला आणि दुसरा चार बोटें खालीं गेला तर वरच्या तुळया वांकड्या होतात, सांधे उघडतात आणि साऱ्या रचनेस तडे जातात. म्हणून पुलाचा भार चिखलावर न ठेवतां चिखलाच्या पलीकडे पोंचविला पाहिजे. यासाठीं जमिनींत जे लांब, सडपातळ खांब उतरवितात त्यांस कामावरचे लोक ‘पाइल’ म्हणतात. अशा कांहीं पाइलांचीं डोकीं एका जाड काँक्रीटच्या ठोकळ्यानें जखडून टाकतात, आणि आपणांस दिसणारा पुलाचा खांब त्या ठोकळ्यावर उभा राहतो. पाइल आपला भार दोन प्रकारांनीं जमिनीस देतो: एक टोंकाशीं, पत्थरावर टेकून; आणि दुसरा अंगानें, भोंवतालच्या मातीच्या घर्षणावर. परंतु मऊ चिखलांत हें घर्षण कधीं कधीं वैरी बनतें. चिखल खचूं लागला म्हणजे तो पाइलास घट्ट धरून आपल्याबरोबर खालीं ओढूं पाहतो. तेव्हां पाइलास पुलाचा भार तर पेलावा लागतोच, शिवाय अंगास लोंबकळणाऱ्या मातीचाहि पेलावा लागतो. पाइलाचें टोंक पक्क्या पत्थरांत रुतलेलें असलें तरच तो हा दुहेरी भार निमूटपणें सोसतो.

जेथें पत्थर उघडा आहे तेथें हा सारा खटाटोप लागत नाहीं. प्रतापगडाच्या पायथ्याशीं पार गांवाजवळ कोयनेवर जो शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आहे, तो आजहि उभा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील नद्यांचें पात्र मुळांतच दगडी असल्यामुळें तेथील गवंड्यास पाया शोधण्यास फारसें दूर जावें लागलें नाहीं. खाडीकांठच्या लोकांचें नशीब निराळें. व्हेनिस शहर सारें चिखलावर वसलेलें. तेथील रिआल्टोचा दगडी पूल सन १५९१ मध्यें पुरा झाला, आणि त्याच्या पायाखालीं सुमारें बारा हजार लांकडी सोट ठोकलेले आहेत. चिखलांत वारा पोंचत नाहीं, म्हणून तें लांकूड इतक्या शतकांत कुजून गेलें नाहीं.

पश्चिम किनाऱ्यावरहि ही विद्या जुनी आहे. मुंबईहून गुजराथेकडे जाणारा बी. बी. सी. आय. रेल्वेचा मार्ग सन १८६४ मध्यें पुरा झाला, तेव्हां वसईच्या खाडीवरील त्याचे पूल ओतीव लोखंडाच्या पेचदार खांबांवर उभारण्यांत आले होते. या खांबाच्या टोंकास स्क्रूसारखें रुंद पातें असतें, आणि तो फिरवीत फिरवीत गाळांत उतरवितात. सन १८३३ मध्यें या युक्तीचें पेटंट घेणारा अलेक्झांडर मिचेल हा आयर्लंडांतील गृहस्थ अंध होता. जें काम पुरें झाल्यावर कोणासच दिसावयाचें नाहीं, त्याची एक मोठी युक्ति ज्यास दृष्टि नव्हती अशा मनुष्यानें शोधावी, हा योगायोग विलक्षण खरा.

आतां आजचा पाइल कसा करतात तें पाहूं. प्रथम ठिकठिकाणीं भोंकें पाडून जमिनीचे नमुने काढतात आणि कोणत्या खोलीवर काय लागतें याचा तक्ता तयार करतात. मग ठरलेल्या जागीं पोलादी नळा चिखलांत दाबून बसवितात, म्हणजे भोंवतालचा चिखल भोंकांत ढांसळत नाहीं. यंत्राच्या फिरत्या दांड्यास लावलेली बादली त्या नळ्यांतून माती, मुरूम आणि शेवटीं पत्थराचा भुगा वर काढते. नळ्याच्या खालीं भोंकाच्या भिंती ढांसळूं नयेत म्हणून त्यांत बेंटोनाइट नांवाच्या मातीचें दाट पाणी भरून ठेवतात. ही माती कच्छांत विपुल सांपडते. पत्थर लागला कीं काम संपत नाहीं. त्या पत्थरांतहि पाइलाच्या जाडीच्या हिशेबानें आणखी खोल जावें लागतें, म्हणजे खांब नुसता टेकत नाहीं, खुंटीसारखा रुतून बसतो. नंतर गजांचा लांबच लांब पिंजरा यारीनें उचलून भोंकांत सोडतात.

यानंतरचे कांहीं तास पाइलाच्या आयुष्यांतील सर्वांत महत्त्वाचे असतात. भोंक बेंटोनाइटच्या पाण्यानें भरलेलें असतें, आणि त्यांत वरून काँक्रीट ओतलें तर त्यांतील सिमेंट धुवून जाईल. म्हणून एक लांब नळी तळापर्यंत सोडून तिच्यांतून काँक्रीट घालतात. तें तळापासून वर चढत जातें आणि दाट पाण्यास पुढें लोटीत बाहेर काढतें. नळीचें तोंड सतत काँक्रीटमध्यें बुडालेलें राहिलें पाहिजे. घाईनें नळी थोडी जास्त वर ओढली गेली, तर त्या ठिकाणीं मातीचें पाणी शिरतें, आणि खांबाच्या कंबरेशीं चिखलाची चकती राहते. सव्वा मीटरांहून किंचित् कमी, म्हणजे १.२ मीटर व्यासाचा आणि २० मीटर लांबीचा एक पाइल घेतला, तर त्यास सुमारें २२ ते २३ घनमीटर काँक्रीट लागतें. सहा घनमीटर काँक्रीट वाहून आणणाऱ्या चार गाड्या एकामागून एक, खंड न पडतां, यावयास हव्यात. पनवेलच्या नाक्यावर वाहतूक तुंबली आणि तिसरी गाडी दोन तास अडकली, तर त्या पाइलाच्या पोटांत काय झालें हें वरून कोणासहि दिसत नाहीं.

या कामांतील खरी अडचण येथेंच आहे. भिंतींत चूक झाली तर ती डोळ्यांस दिसते आणि भिंत पाडून पुन्हां बांधतां येते. पाइल मात्र एकदां भरला कीं कायमचा जमिनीच्या स्वाधीन होतो. तळाशीं चार बोटें गाळ राहिला, पत्थर लागण्यापूर्वींच ‘पत्थर लागला’ असें वहींत लिहिलें गेलें, किंवा नळी वेळेपूर्वीं ओढली गेली, तर तो दोष भूमि झांकून टाकते आणि तोंडून अवाक्षर काढीत नाहीं. म्हणून शास्त्रानें कांहीं परीक्षा ठरविल्या आहेत. बाजारांत माठ घेणारी गृहिणी टिचकी मारून आवाज ऐकते. इंजिनिअरहि पाइलाच्या डोक्यावर लहान हातोडीनें ठोका देतो आणि तळाशीं जाऊन परत येणारा नाद यंत्रानें टिपतो. काँक्रीटमधून हा नाद सेकंदास सुमारें चार हजार मीटर वेगानें धांवतो. म्हणजे वीस मीटरांच्या खांबांतून तो सेकंदाच्या शंभराव्या भागांत परत यावयास हवा. तो लवकर परत आला, तर वाटेंत कोठेंतरी भेग अथवा पोकळी असावी असा संशय घेतात. कांहीं निवडक पाइलांवर प्रत्यक्ष भार घालूनहि पाहतात. कामांतील पाइलावर तो नेमलेल्या भाराच्या दीडपट असतो, आणि खांब किती खालीं जातो हें मिलिमीटरांत मोजतात.

परंतु सगळ्याच पाइलांवर भार घालून पाहणें शक्य नसतें, आणि हातोडीचा नादहि तळाशीं मऊ गाळ आहे कीं पक्का पत्थर, हें निश्चितपणें सांगत नाहीं. शेवटीं भरवसा ठेवावा लागतो तो भोंकाजवळ उभ्या असलेल्या मनुष्यावर आणि त्याच्या वहीवर. हाँगकाँगच्या शा टिन भागांत सरकारी गृहयोजनेच्या दोन उत्तुंग इमारती १९९९ च्या सुमारास उभ्या राहत होत्या. त्या खचूं लागल्यावर तपास झाला, तेव्हां त्यांच्याखालील अनेक पाइल ठरल्यापेक्षां आंखूड निघाले. कांहीं तर पंधरा मीटरपर्यंत. कागदावर मात्र सारें यथास्थित होतें. अपराध्यांस न्यायालयानें शिक्षा केल्या, परंतु त्या दोन्ही इमारती, एकहि कुटुंब राहावयास येण्यापूर्वीं, जमीनदोस्त कराव्या लागल्या. तेथें इमारती होत्या, म्हणून खचण्याची सूचना वेळीं मिळाली. वाहत्या नदींत उभा असलेला पूल अशी सूचना देईलच असें नाहीं.

याचें कारण नदीचा स्वभाव होय. पुराचें पाणी खांबास अडलें म्हणजे त्याच्याभोंवतीं भोंवरे उठतात आणि ते तळाची वाळू खरवडून खांबाच्या बुडाशीं खड्डा करतात. पूर ओसरला कीं नदी आणलेली वाळू त्याच खड्ड्यांत टाकून तो बुजवून टाकते. उन्हाळ्यांत कोरड्या पात्रांत उतरून पाहणी करणाऱ्यास सारें जेथल्या तेथें दिसतें. श्रावणांतील एका रात्रीं पाया उघडा पडला होता याची खूण उरत नाहीं. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या महामार्गावरील स्कोहारी ओढ्याचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजीं अशाच पुरांत कोसळला आणि दहा माणसें मरण पावलीं. त्याच्या खांबांस खोल पाइल नव्हते. ते तळाच्या कठीण मातीवर नुसते टेकलेले होते, आणि भोंवऱ्यांनीं ती मातीच काढून नेली.

महाराष्ट्रास या विषयाचें स्मरण देण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाहीं. पनवेलहून निघणारा मुंबई-गोवा महामार्ग पाताळगंगा ओलांडून, पेण व माणगांव मागें टाकून महाडास पोंचतो. तेथें सावित्री नदीवर सन १९२८ मधील दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं, मुसळधार पावसांत, तो पुरानें वाहून नेला. एस्. टी. च्या दोन गाड्या आणि इतर वाहनें काळोखांत नदींत गेलीं. अनेक कुटुंबांचीं माणसें परत आलीं नाहींत, आणि कित्येकांचे देहहि सांपडले नाहींत. त्या जागीं नवा पूल ५ जून २०१७ रोजीं, म्हणजे वर्ष उलटण्यापूर्वीं, वाहतुकीस खुला झाला. शीघ्रता आणि घाई या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें यावरून ध्यानांत यावें. मनुष्यबळ, यंत्रें आणि निश्चय असेल तर काम शीघ्र होतें. काँक्रीटास घट्ट होण्यास लागणारे दिवस आणि भोंकाचा तळ साफ करण्यास लागणारे तास कमी करणें, ही घाई झाली.

पुलाच्या पायाशीं आणखीहि एक वैर चालतें, आणि तें माणसाचें आहे. पाइल किती खोल न्यावा हें ठरवितांना पूर किती मीटर वाळू खरवडील याचा हिशेब केलेला असतो. नंतर त्याच पात्रांतून बांधकामासाठीं वाळू उपसली गेली, तर नदीनें शतकांत एखाद्या वेळीं केलें असतें तें काम माणूस दोन हंगामांत करून ठेवतो. उघड्या पडलेल्या प्रत्येक मीटराबरोबर पाइलाच्या अंगाचा आधार कमी होतो, आणि जमिनींत धरून ठेवलेला खांब हळूहळू पाण्यांत उभी केलेली काठी बनूं लागतो. शहरांतील घराच्या गिलाव्यांत वापरलेली वाळू कोठून आली, हा प्रश्न पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या जीविताशीं अशा रीतीनें जोडलेला आहे.

पनवेलच्या आसमंतांत पुलांचें युग आलें आहे. शिवडीहून निघून उरण तालुक्यांतील चिर्ले गांवाजवळ उतरणारा अटल सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. त्याच्या २१.८ किलोमीटर लांबीपैकीं सुमारें साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत. शिवडीच्या दलदलींत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांस त्रास होऊं नये म्हणून तेथें पाइलांचीं भोंकें पाडतांना आवाज कमी करणारीं यंत्रें वापरण्यांत आलीं. लोकांनीं त्या सेतूच्या लांबीचें, त्यावरील दिव्यांचें आणि १८० मीटरांपर्यंतच्या पोलादी गाळ्यांचें कौतुक केलें, आणि तें योग्यच होतें. समुद्राच्या तळाखालीं उतरलेल्या पाइलांचें कौतुक करण्यास मात्र कोणाची छायाचित्रें नव्हतीं.

लोकांचा स्वभावच असा आहे. पायाचें काम चालूं असतां तेथून जाणारा म्हणतो, “सहा महिने झाले, अजून एक खांबहि उभा नाहीं!” वर्तमानपत्रांत तक्रारी येतात, पुढारी तारखा जाहीर करतात, आणि त्या तारखांचा सारा भार शेवटीं त्या एका भोंकाजवळ उभ्या असलेल्या तरुण इंजिनिअरवर येऊन पडतो. तळाशीं अजून गाळ आहे, आणखी दोन तास साफसफाई केली पाहिजे, असें तो म्हणाला तर तो कामाचा खोळंबा करणारा ठरतो. तो गप्प बसला तर त्या दिवशीं कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. जें बिघडावयाचें तें वीस वर्षांनीं, पावसाळ्याच्या एखाद्या रात्रीं, त्याला न भेटलेल्या माणसांचें बिघडतें.

यासाठीं सुशिक्षित कुटुंबांनीं आपल्या प्रश्नांची रीत थोडी बदलली पाहिजे. पूल केव्हां खुला होणार, हें अवश्य विचारावें. त्याबरोबरच त्याच्या पाइलांची नोंदवही ठेवली आहे काय, कोणत्या खोलीवर पत्थर लागला, किती पाइलांची परीक्षा झाली आणि किती नापास ठरले, हेंहि विचारावें. सन २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें सार्वजनिक कामांविषयीं असे प्रश्न विचारण्याची वाट सामान्य नागरिकास मोकळी करून दिली आहे. ज्या समाजांत असे प्रश्न विचारले जातात तेथें भोंकाजवळच्या त्या तरुणास, आणखी दोन तास लागतील, असें सांगण्याचें बळ येतें. जेथें विचारले जात नाहींत तेथें त्याची प्रामाणिकता एकाकी पडते. खाडीच्या चिखलाखालीं वीस मीटरांवर, जेथें सूर्याचा किरण कधीं जाणार नाहीं, तेथें खांब पत्थरावर टेकला आहे कीं गाळावर, याचा निर्णय एखाद्या रात्रीं दोन वाजतां, कंदिलाएवढ्या उजेडांत, एका मनुष्याच्या होकारानें किंवा नकारानें होतो. दुसऱ्या दिवशीं ती जागा काँक्रीटनें भरलेली असते, आणि पुढें शंभर वर्षें तिच्यावरून माणसें जातात.